होबे ना

६ जानेवारी १९७३
पोचलो एकदाचा! हावड्याला उतरलो आणि पूल ओलांडताना टॅक्सीवाल्याला मी बंगालीत पत्ता सांगितला. त्याला तो कळला. नागपूरला कांबळे म्हणाले होते, सोमण, तिथे तुमची बोबडी वळेल. कांबळ्यांनी इथे येऊन बघावं.

बंगाली शिकायचं म्हणून लोक उगाच बाऊ करतात. माझा नियम साधा आहे: अ चा ओ करायचा, व चा ब करायचा, की झालं बंगाली. मी वसंत, इथे बोशोंतो. आमचा विजय इथे बिजॉय होईल आणि वृंदा ब्रिंदा. सुचीला मात्र काही होणार नाही, ती सगळीकडे सुचीच. गाडीत बसताना तिनं मला बजावलं होतं की तिकडे लुची नावाचा पदार्थ असतो, तो माझ्या नावाचा आहे, मी येईपर्यंत खाऊ नका. पाच वर्षांची आहे, पण हुकूम मामलेदाराचे. म्हणून स्टेशनवर लुची सोडून कचोरी खाल्ली.

घर बागबाजारात आहे. बाहेरगावच्या अधिकाऱ्यांसाठी हॉस्टेल करायचं म्हणून कंपनीनं भाड्यानं घेतलंय. सध्या मीच पहिला आणि मीच एकटा. वर चार खोल्या आहेत, खाली स्वयंपाकघर आणि एक लांब अंधारा बोळ. खालच्या कोपऱ्यातल्या खोलीत मालकाची म्हातारी आत्या राहते. तिला सगळी गल्ली पिशीमा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. पांढरं लुगडं, बारीक केस, मोडकं हिंदी. मी चार शर्ट खुंटीला लावले, वृंदानं दिलेल्या निळ्या चौकटीच्या शर्टाला मानाची जागा दिली आणि मस्त झोपलो.

९ जानेवारी
कोर्स सुरू झाला. प्रोजेक्ट मॅनेजमेंट हे नवं खूळ आमच्या कंपनीनं मनावर घेतलंय. सर्टिफिकेट मिळालं तर इथली नेमणूक पक्की आणि क्वार्टर पक्कं. नाही मिळालं तर परत जायचं, आणि वृंदानं मुलांना घेऊन आणखी दोन वर्षं माहेरच्या माडीवर काढायची. सहा महिने झाले, मी कंपनीच्या कामावर गावोगाव, घरी पाहुण्यासारखा जातो. सुचीनं मागच्या खेपेला मला 'या, बसा' म्हटलं होतं. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

शिकवायला मित्तिर म्हणून जाडजूड गृहस्थ आहेत. त्यांचं सगळं शास्त्र दोन प्रश्नांत मावतं. पहिला: माणसाला विचारा, काय हवं? दुसरा: ते कुठवर? पहिल्याला ते रिक्वायरमेंट म्हणतात, दुसऱ्याला स्कोप. मी स्कोपला मराठीत शीव म्हणतो. शेताला असते तशी कामाला शीव असते. काय करणार ते सगळेच लिहितात, म्हणाले. काय करणार नाही ते लिहा, नाहीतर काम वाढत वाढत एक दिवस तुमच्या घरात येऊन बसेल.

वर्गात चार-चारांचे गट पाडलेत. माझ्या गटात घोषाल, पिल्लई आणि पाटण्याचा जयप्रकाश. जयप्रकाश सारखी सुपारी कातरतो आणि मित्तिरांची हुबेहूब नक्कल करतो. थंडीनं मी कुडकुडतोय हे बघून त्यानं स्वतःचा तपकिरी मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. परत घेईना. अशी माणसं असली की परगाव परगाव वाटत नाही.

प्रत्येकानं एक छोटं खरं काम घेऊन त्याचा स्कोप लिहायचाय. मी हेच घर घेतलंय. घराचा नकाशा काढायला आजच बसलो.

१२ जानेवारी
पिशीमांची एक गंमत आहे. रोज दुपारी जेवण झालं की हात धुऊन त्या बोळाच्या उत्तरेकडच्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहतात. त्या भिंतीत दार नाही, कोनाडा नाही, देव नाही. तिच्याकडे तोंड करून स्पष्ट म्हणतात, "होबे ना." मग क्षणभर थांबून पदर सावरत परत येतात.

आज मी विचारलं, तिथे कोण आहे? तर हिंदीत म्हणाल्या, वो माँगता है. कोण मागतो, काय मागतो, यावर त्यांनी हात झटकला आणि मला पोळी वाढली.

मी कोडं सोडवलं. माझा नियम लावला: होबे ना, म्हणजे हवे ना? कुणा गेलेल्या माणसाला म्हातारी रोज जेवणानंतर विचारते, तुला काही हवंय ना? आपल्याकडे पितरांना घास ठेवतात त्यातलाच प्रकार. मला फार हळवं वाटलं. वृंदाला पत्रात लिहिलं.

घोषाल म्हणतो, या भिंतीमागच्या गल्लीवरून पूर्वी मराठा खंदक जायचा. नागपूरकर भोसल्यांचे स्वार येतील म्हणून कंपनी सरकारनं खणलेला. इथे अजून पोरांना बर्गी येतील म्हणून झोपवतात. बर्गी म्हणजे आम्ही! शाळेत आपण अटकेपार झेंडे शिकलो, इथल्या शाळेत त्याच गोष्टीत आपण बागुलबुवा. मी घोषालला म्हटलं, एक बर्गी सध्या तुझ्याच डब्यातलं खातोय. तो हसला, पण जरा बेतानंच.

१४ जानेवारी
संक्रांत. वृंदाचं तिळगुळाचं पार्सल काल आलं, आज फोडलं. पिशीमांना दिला, त्यांनी खोबऱ्याचं पिठे दिलं. गोड बोलण्यापुरतं त्यांचं हिंदी आणि माझं बंगाली पुरलं.

वृंदाचं पत्रही आहे. माझा कोर्स संपला की, महिनाअखेरीस तिघंही निघतायत. इथल्या शाळा जानेवारीतच सुरू होतात, विजयची सोय लगेच झाली पाहिजे. सुचीनं पत्राच्या तळाशी स्वतःचं नाव गिरवलंय, स उलटा. ते पान उशीखाली ठेवलंय.

पिशीमा संध्याकाळी बराकपूरला गेल्या. त्यांची भाची प्रेमलता बाळंत झाली आहे, आठवडाभर राहतील. जाताना मला हाताला धरून भिंतीपाशी नेलं. मी रोज दुपारी इथे उभं राहून तेवढे शब्द म्हणायचे, एकही दिवस चुकवायचं नाही, असं तीन-तीनदा सांगितलं. मी म्हटलं, निश्चिंत जा. घरची काळजी घेणारं माणूस मिळालं म्हणून मला बरंच वाटलं.

१५ जानेवारी
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

वर्ग एकला सुटला. घरी येऊन जेवलो आणि भिंतीपाशी गेलो. वाटलं, म्हातारीचं बंगाली कशाला, आपल्या भाषेत नीट विचारू. मित्तिरांचा पहिला प्रश्नही आठवला आणि हसू आलं. मी म्हटलं, "हवे ना? बोला, काय हवे?"

भिंतीतून उत्तर आलं. शेजारी कुणी पाय पसरून बसलं असावं आणि दमून बोलावं तसा आवाज. "चौथ," म्हणाला.

घाबरायला हवं होतं. खरं सांगतो, मला आनंद झाला. दहा दिवसांत कानावर मराठी शब्द पडला नव्हता, आणि तो 'थ' अगदी आपल्याकडचा होता. वाटलं, पलीकडच्या घरात कुणी मराठी माणूस असेल, थट्टा करतोय. चौथ म्हणजे चौथाई, आपल्या स्वारांनी मुलखावर बसवलेला चौथा हिस्सा. खंदकाची गोष्ट त्यालाही ठाऊक असणार. विजय काही मागायला लागला की मी म्हणतो तसं मोठ्यानं म्हणालो, "मंजूर!"

पलीकडे कुणीतरी उठल्यासारखं वाटलं. मग काही नाही. बाहेर जाऊन बघितलं, तर भिंतीला लागून घरच नाही. नुसती गल्ली, आणि भिंतीवर कोळशानं लिहिलेल्या जुन्या घोषणा.

१७ जानेवारी
मित्तिरांनी माझा नकाशा सगळ्या वर्गापुढे धरला. म्हणाले, सोमण, आज सकाळी मी तुमच्या घरी मापं तपासायला माणूस पाठवला. वर तीन खोल्या आहेत आणि तुम्ही चार काढल्यात. मी ओशाळलो. घरी येऊन बघितलं, तीनच आहेत. तीनच होत्या. नकाशात चौथी कुठून आली कोण जाणे, मापांसकट, खिडकीसकट. माझ्याच हातचं काम.

आज पुन्हा तेच शिकवलं, स्कोपबाहेर काय ते आधी लिहा. समोरच्याला शीव दिली नाही तर त्याच्या दृष्टीनं शीव नसतेच.

थंडी वाढली आहे. दोन शर्ट एकावर एक घालून तिसरा धुवायला टाकला. आणखी एखादा आणायला हवा होता. वृंदा इतकी व्यवस्थित, तीनच कसे दिले?

भिंतीपाशी रोज जातो, विचारतो. आता कुणी बोलत नाही.

१९ जानेवारी
आमच्या तिघांच्या गटाला आज शाबासकी मिळाली. मित्तिरांनी मात्र कागदांचे चार जोड आणले होते. एक उरला तेव्हा ते तो हातात धरून बराच वेळ बाकाकडे बघत राहिले, मग पिशवीत ठेवला. बाक लांब आहे, आम्ही तिघे एका टोकाला दाटीनं का बसतो ते कळत नाही. घोषाल म्हणाला, सवय.

बाकाखाली सुपारीचं कातरण पडलेलं असतं. आमच्यात सुपारी कोण खातं?

गळ्यातला मफलर कुणाचा आहे आठवत नाही. तपकिरी. माझा नाही.

२१ जानेवारी
रविवार. वेळ जाईना म्हणून ही वही पहिल्यापासून वाचली.

चार शर्ट. निळ्या चौकटीचा. मी असा शर्ट पाहिलेलाच नाही.

वर चार खोल्या. माझंच अक्षर.

जयप्रकाश. पाटण्याचा. सुपारी कातरणारा, मित्तिरांची नक्कल करणारा, मला मफलर देणारा. मी ते पान दहा वेळा वाचलं. त्याचा चेहरा नाही, आवाज नाही, काही नाही. परक्या माणसाबद्दल कुणीतरी लिहिल्यासारखं. घोषालकडे धावत गेलो, नाव सांगितलं. तो म्हणाला, कोण?

तो माणूस होता. त्याच्या घरी आई असेल. तिला तरी आठवतो का?

चारातलं एक. दर चारातलं एक. मी मंजूर म्हणालो.

आम्ही चौघं आहोत. वृंदा, विजय, सुची, मी.

२२ जानेवारी
पहाटेच बराकपूरची गाडी धरली आणि पिशीमांना घेऊन आलो. वाटेत त्यांनी एकच विचारलं, तिथे नक्की काय म्हणालास. मी सांगितलं. सियालदाच्या फलाटावर त्यांनी मोडक्या हिंदीत त्या शब्दांचा अर्थ सांगितला.

होबे ना म्हणजे होणार नाही. मिळणार नाही. नाही!

घोषालला बोलावून सगळं समजून घेतलं. पिशीमा बोलत होत्या, तो सांगत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. खंदकाच्या वेळी तुमच्यातलाच एक स्वार या दारी आला. चौथाई मागितली. घरात पुरुष नव्हते, सुनेनं तेव्हा या भिंतीत असलेलं दार लावून आतून सांगितलं, होबे ना. तो होकाराची वाट बघत तिथेच उभा राहिला आणि तिथेच मेला. वाट बघायचं मात्र थांबला नाही. रोज मागायचा. घरातली बाई रोज नाही म्हणायची. एक नकार एका दिवसाला पुरायचा. आणि तू त्याच्या भाषेत हो म्हणालास. कशातली चौथाई, कुठवर, काही सांगितलं नाहीस.

नेतो त्याची आठवणही नेतो म्हणे. मागे रडणारं कुणी ठेवत नाही. कागदावरचं तेवढं राहतं, त्याला वाचता येत नसावं.

पिशीमा मला मारतील असं वाटलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. त्याचीच जास्त भीती वाटली.

२३ जानेवारी
सकाळी नागपूरला तार केली: निघू नका. दुपारी वृंदाची तार आली: निघालो, वाटेत एक मुक्काम, मेलने पंचवीसला सकाळी. सोबत मिळाली म्हणून लवकर. माझी तार ती निघून गेल्यावर पोचली असणार. ट्रंक कॉल लावला, शेजारी म्हणाले, केव्हाच गेली. धाकटी म्हणे कडेवरून सगळ्यांना टाटा करत होती.

भिंतीपाशी उभा राहिलो. पिशीमांनी शिकवलं तसं म्हटलं. मग मराठीत म्हटलं: वृंदा, विजय, सुची शिवेबाहेर. हे तिघं शिवेबाहेर! मला ने. डोकं आपटलं. विनवण्या केल्या.

काही नाही. पिशीमांनी भिंतीला कान लावला आणि मागे सरल्या. म्हणाल्या, इथे कुणी नाही. तो निघाला आहे.

२४ जानेवारी
ठरलं. त्यांना या घरात आणायचंच नाही. हावड्याहून परस्पर बराकपूरला, प्रेमलताकडे. सर्टिफिकेट गेलं खड्ड्यात.

मी गेलोच नाही तर? तिघांत चौथा हिस्सा निघत नाही. पण परक्या गावात दोन पोरं घेऊन ती फलाटावर— आणि मी कुठेही असलो तरी त्यांचाच. मोजायचा तर कुठूनही मोजेल.

शीव नाही. मीच घातली नाही.

फलाटावर आधीपासून उभा राहीन. हात सोडणार नाही कुणाचा. सुचीला कडेवर. सुचीला आधी कडेवर घ्यायचं. सुचीला.

२५ जानेवारी
आले! सगळे आले, सुखरूप! देवा, तुझे उपकार. मी डबा गाठला, वृंदा दारातच होती, विजय पेटीवर बसलेला. धरून धरून मोजलं. आम्ही तिघं. तिघंच्या तिघं. वृंदा म्हणते, अहो, माणसं बघतायत, किती घट्ट धराल.

पिशीमाही हावड्याला आल्या होत्या. हातातल्या चिठ्ठीवरचा आकडा आणि आम्हाला बघून तोंड फिरवलं आणि रडायला लागल्या. आनंदानं असेल.

बराकपूरला पोचलो. प्रेमलताचं बाळ गोड आहे. वृंदा त्याला घेऊन बसली, म्हणाली, आपल्याला एक मुलगी असती तर. मी म्हटलं, हो.

उजवा खांदा दुखतोय. प्रवासभर काहीतरी जड घेतल्यासारखा वाकडा ठेवून चाललो म्हणे. विजयनं सांगितलं.

२६ जानेवारी
छावणीत बँड वाजतोय. विजय बघायला गेला.

वृंदा सकाळपासून फणी आणि लाल रिबीन घेऊन ओट्यावर बसली आहे. पाय जरा फाकवून, पुढे कुणी बसणार असल्यासारखी. विचारलं कुणासाठी. हसली. म्हणाली, सवय.

सवय. कसली—

ट्रंकेत लहान झगे निघाले. ती म्हणाली, कुणाकुणाला द्यायला घेतले असतील.

वही काढली.

वाचली.

एक मुलगी. पाच वर्षांची. लुची. या, बसा. स उलटा. उशीखालचं पान आठवलं, खिशात सापडलं, खरंच उलटा आहे. ती माझी आहे. मी कडेवर घेतली असणार— फलाटावर— माझ्या हातातून—

चेहरा येत नाही. डोळे मिटून बसलो. काही येत नाही. दुःखसुद्धा होत नाही, परक्याच्या घरची बातमी वाचावी तसं— हेच सोसवत नाही— मी बाप आहे आणि मला काही—

पिशीमा म्हणतात, वृंदाला हे वाचून दाखवू नकोस. ठाऊक नसलेलं बरं. पिशीमांच्या आईनंही त्यांच्यापासून असंच एक नाव लपवलं होतं म्हणे.

नाही. निदान एका माणसानं तरी तिच्यासाठी रडलं पाहिजे. मला येत नाही. वृंदाला येईल. ती आई आहे.

तिच्यापुढे बसलो आहे. फणी अजून हातात. पान उघडं आहे. वाचत नाही, हाक मारतो— दारात खेळणाऱ्या पोरीला मारतात तशी— वृंदा, ऐक— तिनं मान वर केली, नाव ऐकायच्या आधीच तिच्या डोळ्यांत पाणी आहे— सु